स्वादुपिंडाला सूज आलीय? डबा भरण्याआधीची तयारी

‘मॅडम, अजून किती दिवस उपाशी ठेवणार?’ पॅनक्रियाटायटिसच्या, म्हणजे स्वादुपिंडाला सूज आलेल्या पेशंटच्या घरचे वॉर्डात मला गाठून हेच विचारतात. मी आहारतज्ज्ञ, त्यामुळे उपाशी ठेवण्याचं पाप माझ्याच माथी. पूर्वी खरंच दिवसेंदिवस फक्त सलाईनवर ठेवायचे. आता आजार सौम्य असेल, उलट्या थांबल्या असतील आणि भूक लागत असेल, तर २४ ते ४८ तासांत तोंडाने खाणं सुरू होतं. लायपेजचा, म्हणजे स्वादुपिंडातल्या एन्झाइमचा रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येण्याची वाट बघत नाहीत. म्हणजे तयारीला तुमच्या हातात दीड-दोन दिवस.

आधी एक कागद घ्या आणि त्यावर पेशंटचं नेहमीचं वजन, गेल्या काही महिन्यांत किती उतरलं, शुगर आहे का, पित्ताशयात खडे निघालेत का, चालू गोळ्या कोणत्या, शेवटचं धड जेवण कधी झालं, एवढं लिहा. दारूचं खरं लिहा. पिणाऱ्या किंवा बरेच दिवस न जेवलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम घसरतं, आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आधी द्यावं लागतं. बायकोसमोर ‘कधीतरी’ म्हणणारे नंतर माझ्या कानात खरा आकडा सांगतात.

आता डबा. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पहिल्या दिवशी मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला दुधी किंवा इडली, हे वाटीभर, दिवसातून पाच-सहा वेळा. नुसत्या पाण्यासारख्या पेजेवर दोन दिवस घालवायची गरज नसते. वरणभातावर तूप नाही. यावरून माझं प्रत्येक आजीशी भांडण होतं, आणि वास येण्यापुरतं म्हणून सोडलेलं तूप चांगलं चमचाभर निघतं. तिखटाला लोक घाबरतात, तेलातुपाला नाही. इथे काळजी उलटी हवी.

तेलाची अर्धा लिटरची वेगळी बाटली आणा, सोबत पाच मिलीचा चमचा. सुरुवातीला दिवसाला तीन चमचे, म्हणजे ती बाटली एका माणसाला महिनाभर पुरायला हवी. दहा दिवसांत तळ दिसला तर फोडणीत हात सैल आहे. पण आपल्या घरात खरी चरबी लपते ती शेंगदाण्याच्या कुटात आणि खोबऱ्यात. दाण्यात निम्मी चरबीच असते, त्यामुळे दोन चमचे कूट घातलेली ‘बिनतेलाची’ भाजी बिनतेलाची राहत नाही. उपासाची म्हणून हलकी समजलेली साबुदाण्याची खिचडी तर सध्या घरात शिजवूच नका. म्हशीच्या किंवा फुल क्रीम दुधाऐवजी डबल टोन्ड घ्या. फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट, यात दीड.

प्रोटीन मात्र कमी करायचं नाही. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका वाटी पातळ वरणाने ते भागत नाही. म्हणून अंड्याचा पांढरा भाग, साय काढलेल्या दुधाचं पनीर किंवा चक्का, खात असतील तर वाफवलेला मासा घरात असू द्या.

आजार गंभीर असेल तर नाकातून नळी घालतात. ती बघून घरचे हादरतात, पण आतड्यातून अन्न गेलं की आतड्याचं अस्तर टिकतं आणि तिथले जंतू सुजलेल्या स्वादुपिंडापर्यंत जाण्याचा धोका घटतो. शिरेतून पोषण देतात ते आतडं चालत नसेल तेव्हाच. नळीसह घरी येणार असाल तर ५० मिलीची सिरिंज, उकळून गार केलेलं पाणी आणि डोकं ३० ते ४५ अंश वर राहील इतक्या उशा तयार ठेवा. बारीक नळीत घरची पेज ओतू नका, ती तुंबते. ‘चांगल्या जंतूं’ची, म्हणजे प्रोबायोटिकची पाकिटंही स्वतःहून नकोत. नेदरलँड्समधल्या २००८ च्या अभ्यासात गंभीर होण्याची शक्यता असलेल्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलं, त्या गटात १६ टक्के दगावले. न दिलेल्यांत ६ टक्के.

घरी आल्यावर दारूची बाटली कपाटात मागे सरकवून चालणार नाही, घराबाहेरच काढा. पचनासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या असतील तर डबी देव्हाऱ्यापाशी नको, ताटाशेजारी हवी. त्या जेवणासोबत घ्यायच्या, उपाशीपोटी नाही. वहीत दर आठवड्याला वजन, सांगितल्याप्रमाणे शुगर, आणि शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं होतंय का, हे लिहा. पोटातली कळ पुन्हा पाठीकडे जायला लागली, उलट्या किंवा ताप आला, तर ताट बाजूला ठेवून थेट दवाखाना, आणि ती वही पिशवीत.