खेळायला लागलो तरी टेन्शन जात नाहीये? या चुका टाळा

परीक्षा, रिझल्ट, ॲडमिशन, नाहीतर नुसतंच "पुढे काय होणार" म्हणून ज्याच्या पोटात गोळा येतो, ज्याला रात्री झोप लागत नाही, वर्गात सरांनी नाव घेतलं तरी ज्याचे हात थरथरतात, अशा मुलाला किंवा मुलीला सगळे एकच सांगतात, जरा खेळायला जात जा. सल्ला चांगलाच आहे. अडचण अशी की त्यापुढचं कोणी सांगत नाही, म्हणजे कसं खेळायचं, किती, आणि खेळूनही बरं वाटत नसेल तर नेमकं काय चुकतंय. मग ते पोर चार दिवस जातं, पाचव्या दिवशी बंद करतं आणि "आपल्याला खेळणंसुद्धा जमत नाही" हे एक नवीन ओझं घेऊन बसतं. तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक: खेळाचीही परीक्षा करून टाकणं

अभ्यासात मार्कांची धास्ती असलेला विद्यार्थी खेळायला येतो आणि पहिल्याच आठवड्यात तिथेही मार्क शोधायला लागतो. टीममध्ये नाव येईल का, मी त्याच्यापेक्षा स्लो का, कोचनी तिला शाबासकी दिली मग मला का नाही. घरचेही नकळत भर घालतात, दारातून आत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न "जिंकलास का?" आता ज्या डोक्याला आधीच वाटतंय की सतत कोणीतरी आपल्याला जोखतंय, त्याला इथे तरी आराम कुठून मिळणार? खेळाचा फायदा होतो तो हालचालीमुळे, सोबतच्या माणसांमुळे, काल न जमलेलं आज थोडं जमल्यामुळे. त्याला मेडल लागत नाही.

म्हणून निदान पहिले दोन-तीन महिने मॅचच्या निकालावरून स्वतःबद्दल काहीच ठरवू नका. रोजचं टार्गेट आपल्या हातात राहील असं ठेवा, आज मी वेळेवर गेलो, आज बॅकहँडची 20 वेळा प्रॅक्टिस केली, आज पॉइंट गेल्यावर मान खाली न घालता लगेच पुढच्या सर्व्हिसला उभा राहिलो, एवढं पुरे. हरल्यावर रात्रभर तोच एक शॉट डोक्यात फिरत असेल तर झोपायच्या बऱ्याच आधी वहीत तीन ओळी लिहा, काय बरं झालं, काय चुकलं, पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलणार, आणि वही बंद. आईबाबांना एक कळकळीची विनंती, "जिंकलास का" ऐवजी "आज मजा आली का, कोण कोण आलं होतं" असं विचारून बघा. मूल मोकळं बोलायला लागतं. स्पर्धा वाईट असते असं माझं म्हणणं नाही, ज्याला आवडते त्याने जरूर उतरावं, पण आधी खेळाची गोडी लागू दे, मग स्पर्धा.

छातीत धडधडलं की घाबरून थांबणं

हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते खेळाचा खरा उपयोग इथेच आहे आणि नेमकं इथूनच जास्त मुलं परत फिरतात.

टेन्शन आलं की शरीरात ॲड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, घाम फुटतो, चेहरा गरम होतो, पाय लटपटतात. आणि जोरात धावल्यावर काय होतं? जवळपास हेच सगळं. ज्याला आधी एखादा पॅनिक अटॅक येऊन गेलाय त्याला ग्राउंडवर धडधडायला लागलं की वाटतं, झालं, परत आला. मग तो थांबतो, कडेला बसतो, नाडी चेक करतो, स्मार्टवॉचवरचा आकडा दहा वेळा बघतो. बसल्यावर बरं वाटतंच, पण मेंदू त्यातून चुकीचं शिकतो, "थांबलो म्हणून वाचलो". पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते, मग पायऱ्या चढतानाही माणूस जपून चढायला लागतो.

याच्या बरोबर उलट करायचंय. एकदम थांबायचं नाही, वेग कमी करायचा आणि चालत राहायचं. धडधड वाढली, काही वाईट झालं नाही, हळूहळू आपोआप उतरली, हा अनुभव शरीराला परत परत मिळाला की ती धडधड ओळखीची होते, आणि मग परीक्षेच्या हॉलमध्ये छाती धडधडली तरी "अरे हे तर रोज होतं" एवढं तरी मनात येतं. मानसोपचारातही पॅनिकची भीती घालवायला पेशंटला मुद्दाम जागेवर धावायला किंवा पायऱ्या चढायला लावतात, कारण हेच, की या लक्षणांचीच भीती मोडायची असते.

सुरुवात अशी करा: पाच मिनिटं चाला, मग एक मिनिट हळू पळा, दोन मिनिटं चाला, असं चार-पाच वेळा. जोर किती लावायचा ते कळायला सोपी खूण आहे, बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की तो मध्यम व्यायाम. घड्याळ काढून ठेवलं तर उत्तमच. आणि संपवताना धपकन बसू नका, पाच मिनिटं चालत चालत शांत व्हा, एकदम थांबल्याने जी चक्कर येते तीसुद्धा घाबरवते.

पण सगळं टेन्शनच्या नावावर खपवायचं नाही बरं का. खेळताना छातीत दुखलं, शुद्ध हरपली, ठोके वेडेवाकडे पडतायत असं वाटलं, किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर आधी डॉक्टरकडे जा, मग ग्राउंडवर. दमा असेल तर इन्हेलर बॅगेत हवाच.

पहिल्याच आठवड्यात सगळं करून टाकायची घाई

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 5 ते 17 वयासाठी रोज सरासरी 60 मिनिटं आणि मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. हा आकडा वाचून जो वर्षभर खुर्चीतून उठला नाही तो सोमवारी तासभर पळतो आणि बुधवारी त्याला जिना उतरता येत नाही. त्याच सूचनांमध्ये हेही आहे की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं चांगलं. तर आठवड्यातून तीन दिवस, 15-20 मिनिटं, आणि "अजून थोडं खेळलो असतो" असं वाटत असतानाच घरी या.

आणि रोज रात्री "टेन्शन कमी झालं का" म्हणून मोजत बसू नका, त्या मोजण्यानेच वाढतं. खेळून आल्यावर काही तास हलकं वाटणं हे बऱ्याच जणांना लवकर जाणवतं, पण मुळातली काळजी करायची सवय सैल व्हायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. मधे वाईट दिवस येणारच, त्यावरून "उपयोग नाही" असा निष्कर्ष काढायचा नाही.

मित्र जातो म्हणून तोच खेळ

लोक बघतायत या विचारानेच ज्याला घाम फुटतो त्याला पहिल्या दिवशी क्रिकेटच्या मॅचमध्ये बॅट घेऊन उभं करणं हे जरा क्रूरच आहे. त्याने स्विमिंग, सायकल, धावणं, एकाच मित्राबरोबर बॅडमिंटन किंवा टेबल टेनिस असं काहीतरी घ्यावं. फक्त कायम एकटंच राहू नका, महिना-दीड महिन्याने चार जणांत खेळायला सुरुवात करा, कारण माणसांची भीती माणसांत राहूनच कमी होते. ज्याला एकटेपणामुळे काळजी वाटते त्याने मात्र पहिल्यापासून टीमचा खेळ बघावा.

शरीर ग्राउंडवर, डोकं पेपरात

काहींची तक्रार असते की धावताना उलट विचार जास्त येतात. येणारच, कारण एका लयीत धावताना डोकं रिकामं असतं आणि रिकाम्या डोक्यात काळजी घुसते. अशांनी चेंडू असलेला खेळ निवडावा, शटल अंगावर येत असताना फिजिक्सचा पेपर आठवत बसायला वेळच मिळत नाही. धावणंच आवडत असेल तर चार पावलं श्वास आत, चार पावलं बाहेर असं मोजा, किंवा पुढच्या झाडापर्यंत वेग, त्याच्या पुढच्या झाडापर्यंत आराम असा खेळ लावा.

खेळ म्हणजे पळवाट

हे ओळखायला अवघड आहे. असाइनमेंट उद्या द्यायची आहे, उघडायची भीती वाटतेय, म्हणून तीन तास ग्राउंडवर. तेवढा वेळ छान जातो, घरी आल्यावर असाइनमेंट तिथेच, वेळ कमी, टेन्शन दुप्पट. असं होत असेल तर जायच्या आधी फक्त 10 मिनिटं ते काम उघडून बसा, एक ओळ लिहा, मग जा. परत आल्यावर ते काम तेवढं भीतीदायक वाटत नाही.

दुसरं टोक म्हणजे एक दिवस चुकला तरी जीव कासावीस होणं, ताप असताना, पाय मुरगळलेला असताना जाणं, कमी खाऊन जास्त पळणं. बाहेरून ही शिस्त दिसते, लोक कौतुकही करतात, पण आतमध्ये अँग्झायटीच गाडी चालवत असते. आठवड्यात एक दिवस ठरवून सुट्टी घ्या आणि ती घेता येतेय का ते बघा. अजिबातच घेता येत नसेल तर कोणाशी तरी बोलायची वेळ आलीये.

खेळून आल्यावर उलट जास्त अस्वस्थ वाटतंय?

आधी साध्या गोष्टी बघा. जायच्या आधी एनर्जी ड्रिंक किंवा कडक कॉफी घेतली होती का? कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात, आणि त्यानेही हात थरथरतात, छाती धडधडते. दुपारपासून पोटात काही नाही, तरी खेळलात का? पाणी? रात्री उशिरा जोरदार खेळून तासाभरात अंथरुणावर पडलात तर झोप लांबते, आणि 13 ते 18 वयात 8 ते 10 तास झोप लागते, ती तुटली की दुसऱ्या दिवशी काळजी वाढलेलीच असते. हे सगळं ठीक असूनही दोन आठवडे थकवा, चिडचिड, खेळायला जायचाच कंटाळा असं असेल तर खेळाचं प्रमाण निम्म्यावर आणा.

औषध किंवा समुपदेशन परस्पर बंद करणं

हे प्लीज करू नका. "आता मी खेळतो, मला गोळ्यांची गरज नाही" हे डॉक्टरांना विचारून ठरवायचं असतं. सिमोन बाइल्स ही जगातली सर्वात यशस्वी जिम्नॅस्ट, 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने मानसिक आरोग्याचं कारण सांगून टीम फायनल मधेच सोडली, नंतर त्याच स्पर्धेत बीमवर ब्राँझ घेतलं, आणि 2024 ला पॅरिसमध्ये तीन गोल्ड. थेरपी घेते हे ती उघडपणे सांगते. जिचं आयुष्य खेळात गेलं तिलाही नुसता खेळ पुरला नाही, मग तुम्हाला वेगळी मदत लागली तर त्यात कमीपणा कसला? शाळा-कॉलेज चुकायला लागलं, खाणं-झोप बिघडली, सारखे पॅनिक अटॅक येतायत, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि खेळही चालू ठेवा. जगायलाच नको असे विचार येत असतील तर वाट बघू नका, आजच घरच्या कोणालातरी किंवा डॉक्टरांना सांगा.

कोचलाही एक वाक्य सांगून ठेवा, "मला कधीकधी घाबरल्यासारखं होतं, तेव्हा मी दोन मिनिटं बाजूला चालतो आणि परत येतो." बहुतेक कोच समजून घेतात. सगळ्यांसमोर ओरडून सुधारता येतं असं मानणारा कोच असेल तर कोच बदला, खेळ सोडू नका.

परीक्षेचा महिना आला की खेळ बंद

ज्या महिन्यात सगळ्यात जास्त गरज, त्याच महिन्यात बूट कपाटात. बहुतेक घरांत हेच होतं, आणि मुलालाही खेळताना गिल्टी वाटतं. बंद करण्याऐवजी लहान करा. एक तासाचे 20 मिनिटं, मॅच नको, नवीन काही शिकायचं नाही, पाय मुरगळेल असं काही नाही. वेळ आधीच टाइमटेबलमध्ये लिहून टाका, शक्यतो दोन विषयांच्या मधे, म्हणजे चोरून खेळल्यासारखं वाटणार नाही. पेपरच्या आदल्या दिवशी हलकं खेळा नाहीतर नुसतं फिरून या, आणि पेपरच्या सकाळी 10 मिनिटं भरभर चालून मग हॉलवर जा. तरीही खंड पडलाच, तर शेवटच्या पेपरनंतर जिथे सोडलं तिथून सुरू करू नका, पहिला आठवडा निम्म्याने खेळा.