जुनी डिझेल कॅम्पर सेल्फ घेत नाही? बॅटरी बदलायच्या आधी हे बघा

आधीच सांगून टाकतो, मी या व्हॅनपायी एका वर्षात दोन बॅटऱ्या घेतल्या आणि दोन्ही वेळेला जुनी बॅटरी चांगलीच होती. दोष होता माझाच. जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन तिची कॅम्पर (राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) करताना खालून अंडरकोटिंग (गंज रोखणारा रंग) मारलं, छान काळंकुळं केलं सगळं, आणि इंजिनची अर्थची पट्टी (इंजिनातून करंट चेसिसमार्गे बॅटरीकडे परत नेणारी) त्या रंगावरच नट-बोल्टने आवळली. काही महिने चाललं, मग भंडारदऱ्याला डिसेंबरच्या थंडीत सकाळी चावी फिरवली तर नुसतं "टक".

तर पहिलं काम म्हणजे आवाज ऐका, कारण आवाजावरून अर्धं निदान होतं. चावी फिरवली आणि डॅशचे लाईटच लागले नाहीत तर बॅटरी पूर्ण बसलीये किंवा टर्मिनल सुटलंय किंवा मेन फ्यूज गेलाय, हे सोपं. "टकटकटकटक" असं भराभर वाजलं तर सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेचा मोठा स्विच) ओढतोय पण सेल्फने, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरने, करंट मागितला की व्होल्टेज पडतं, म्हणजे बॅटरी कमजोर नाहीतर कुठला तरी जॉइंट खराब. एकदाच जोरात "टक" आणि मग शांतता, तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट नाहीतर सेल्फचे कार्बन ब्रश, आणि माझ्यासारखी खराब अर्थिंग असेल तरी हेच. "घर्रर्र" करून सेल्फ मोकळाच फिरला तर बेंडिक्स (सेल्फचं दातेरी चाक इंजिनात अडकवणारा भाग) किंवा फ्लायव्हीलचे (इंजिनाच्या मोठ्या चाकाचे) दाते, तिथे इलेक्ट्रिकचा काही संबंध नाही, सेल्फ खाली उतरवावाच लागतो. आणि इंजिन मस्त फिरतंय पण पेट घेत नाही हा वेगळाच प्रकार, त्यावर शेवटी येतो.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. खाली दिलेले बॅटरी-व्होल्टेजचे आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत, २४ वाली असेल तर दुप्पट धरा. रात्रभर उभी असलेल्या गाडीच्या बॅटरीला १२.६ च्या आसपास दिसलं तर ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर आधी चार्ज करा, उगाच पुढे काही तपासू नका. पण नुसतं उभ्या गाडीचं व्होल्टेज बघून बॅटरीला चांगली म्हणू नका बरं का, खरी परीक्षा सेल्फ मारताना. कुणाला तरी चावी मारायला सांगा आणि मीटर बॅटरीवरच धरा, १० च्या वर टिकलं तर ठीक, ९.५ च्या पण खाली कोसळलं तर बॅटरी संपत आलीये किंवा सेल्फ आतून जाम होऊन भलताच करंट खातोय. आणि गंमत म्हणजे सेल्फ फिरत नाहीये पण बॅटरीवर व्होल्टेज १२.४ च्या खाली हलतच नाही, तर बॅटरीला दोष देऊच नका, करंट तिथून निघतच नाहीये.

माझं घोडं नेमकं इथेच अडलं होतं, म्हणून हा भाग नीट वाचा. जुन्या डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन (हवा दाबण्याचं प्रमाण) २० ला १ च्याही वर असतं, पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे ते फिरवायला सेल्फ सहज २०० अँपिअर ओढतो. आता समजा अर्थच्या जॉइंटमध्ये गंजामुळे फक्त ०.०१ ओहम रेझिस्टन्स आलाय, तर २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट तिथेच गायब. हा ०.०१ ओहम साध्या मीटरला ओहमवर ठेवून दिसतच नाही, मीटरच्या वायरींचाच त्यापेक्षा जास्त असतो, आणि टेस्ट लॅम्पही लख्ख पेटतो कारण तो बल्ब खातो अर्धा-एक अँपिअर. माझ्याकडे आलेल्या इलेक्ट्रिशियनने बल्ब लावून "अर्थ ओके आहे साहेब" म्हणून सांगितलं होतं, आणि त्याच्या बल्बपुरती ती खरंच ओके होती.

म्हणून ड्रॉप टेस्ट करा, म्हणजे सेल्फ मारताना जॉइंटमध्ये किती व्होल्ट गायब होतात ते मोजा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन स्टार्ट होऊ नये म्हणून इंजिन बंद करायची स्टॉपची नॉब ओढून धरा किंवा डिझेल पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (विजेवर डिझेल सोडणारा-थांबवणारा) वायर काढा. मीटर व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (खांबावरच हां, क्लॅम्पवर नाही), दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडावर, आणि सेल्फ मारा. ०.२-०.३ व्होल्टच्या आत यायला पाहिजे. माझं आलं २.१! मग एक टोक बॅटरीजवळ तसंच ठेवून दुसरं एकेक टप्पा पुढे नेत जा, क्लॅम्प, केबलचा लग (टोकाची कडी), चेसिस, पट्टी, ब्लॉक, जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे चोर. असंच पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत, तिथे ०.५ पर्यंत चालतं. एका वेळेला दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ जाळून बसाल.

अजून एक खूण, जी मला नंतर कळली. इंजिनची अर्थ खराब असली की करंट दुसरी वाट शोधतो आणि क्लचच्या नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो, ती केबल सेल्फ मारल्यावर गरम लागते. माझी लागायची, मला वाटायचं इंजिनची उष्णता, थंड इंजिनाला कसली आलीये उष्णता!

दुरुस्ती काय, आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा (लावताना ती शेवटी), हातातली अंगठी-कडं काढून ठेवा, पॉलिश पेपरने जागा लोखंड चमकेपर्यंत घासा, नवीन जाळीची पट्टी आवळा आणि मग वरून ग्रीस. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा.

दोन्ही केबल चांगल्या निघाल्या तर सोलेनॉइडची छोटी वायर बघा, बऱ्याच सेल्फवर तिथे ५० लिहिलेलं असतं. चावी मारल्यावर तिथे साडेदहा-अकरा व्होल्ट आले पाहिजेत, नाही आले तर इग्निशन स्विच, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा मधली वायर. जुन्या गाडीत सोलेनॉइडचा सगळा करंट चावीच्या स्विचमधूनच जातो आणि त्याचे कॉन्टॅक्ट खाल्ले जातात, एक रिले टाकला की विषय संपतो. व्होल्टेज येतंय, केबल ठीक, तरी सेल्फ गप्प, तर मग खुशाल उतरवा आणि सेल्फ-डायनामोवाल्याकडे न्या, बहुतेक ब्रश नाहीतर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) निघतात.

कॅम्परची वेगळी भानगड म्हणजे दुसरी बॅटरी. फ्रिज, पंखे, इन्व्हर्टर त्या मागच्या बॅटरीवर, आणि दोन्हींच्या मधला रिले चिकटून बसला की रात्री फ्रिज पुढची बॅटरी पण पिऊन टाकतो. इंजिन बंद करून थोड्या वेळाने मागचे लाईट लावा, पुढच्या बॅटरीचं व्होल्टेजही त्याबरोबर पडलं तर रिले चिकटलाय. इंजिन चालू असताना मात्र दोन्हींवर १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे.

आता इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, विशेषतः सकाळी, तर हीटर प्लग (थंड इंजिन पेटावं म्हणून आतून गरम करणारे). त्यांना जोडणारी वरची पट्टी काढून प्रत्येकाच्या टोकापासून ब्लॉकपर्यंत ओहम बघा, एकच्या आसपास किंवा कमी आला तर जिवंत, काहीच नाही दाखवलं तर मेला. अगदी जुन्या इंजिनात प्लग एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यातला एक गेला की सगळेच बंद, आणि त्या प्लगला चुकूनही थेट १२ व्होल्ट लावू नका, लगेच जळतो. हीटर चालू असताना हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा तर अजिबात नाही, भडका उडतो. प्लग ठीक असतील तर चावी ऑन केल्यावर स्टॉप सोलेनॉइड "टिक" वाजतो का ऐका, करंटशिवाय तो डिझेल सोडत नाही आणि मग धक्का मारूनही काही होत नाही. नॉबवाल्या गाड्या मात्र बॅटरी बसलेली असली तरी धक्क्यावर निघतात, फक्त एवढं धूड ढकलायला सात-आठ जण लागतात, म्हणून दोष सापडेपर्यंत गाडी लावताना तोंड उताराकडे करून लावा.