‘मूर्त रूप देणे’ यासाठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

“अवनींद्रनाथ टागोरांनी १९०५ साली भारतमातेचे चित्र काढले आणि देश या कल्पनेला मूर्त रूप दिले.” हे वाक्य इंग्रजीत न्यायचे आहे असे समजा. समानार्थी शब्दांचा कोश उघडला की शब्दांची रांगच लागते: एम्बॉडी, पर्सॉनिफाय, इन्कार्नेट, मटीरियलाइझ, मॅनिफेस्ट, रीइफाय, ऑब्जेक्टिफाय, सबस्टॅन्शिएट. एकाच रांगेत दिसल्यामुळे कोणताही उचलला तरी चालेल असे वाटते. पण या वाक्यात त्यातले जेमतेम दोन बसतात आणि काहींनी तर अर्थाचा पार विचका होतो.

पायरी १ : कोश मिटा, आधी मराठी वाक्य सोडवा

निम्मी चूक मराठीतच झालेली असते. साकारणे, अवतरणे, प्रकटणे, उमटणे, प्रत्यक्षात आणणे, मूर्तिमंत असणे असे वेगवेगळ्या छटांचे शब्द आपल्याकडे आहेत. ते सगळे बाजूला सारून आपण भाषणांतला ‘मूर्त रूप देणे’ सरसकट वापरतो. म्हणून आधी विचारा: त्या अमूर्त गोष्टीचे शेवटी झाले काय? ती माणूस झाली, एखाद्या वस्तूत उतरली, घटना म्हणून घडली, की लक्षण म्हणून बाहेर दिसली? याचे उत्तर साध्या मराठीत लिहून काढा. आपल्या उदाहरणात उत्तर सरळ आहे: देश बाई झाला.

पायरी २ : माणूस झाला असेल तर पर्सॉनिफाय

शाळेत शिकलेला चेतनगुणोक्ती अलंकार आठवा. निर्जीव किंवा अमूर्त गोष्टीला माणसाचे गुण दिले की इंग्रजीत ते पर्सॉनिफिकेशन. लॅटिनमध्ये ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा, आणि कल्पनेला चेहरा देणे हा अर्थ या शब्दात अजून शाबूत आहे. अवनींद्रनाथांची भारतमाता भगव्या वस्त्रांतली, चार हातांची तरुण स्त्री आहे. हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरे वस्त्र आणि जपमाळ. बंगालच्या फाळणीचे ते वर्ष आणि स्वदेशीचा जोर. तेव्हा नकाशावरच्या देशाला चेहरा मिळाला. त्यामुळे इथे पर्सॉनिफाय हाच पहिला शब्द. रचनाही लक्षात ठेवा: पर्सॉनिफाय, मग कल्पना, मग ‘ॲज’, मग ते रूप.

याच शब्दाचा दुसरा उपयोग मराठी माणसाला फार जवळचा आहे. ‘ती म्हणजे मूर्तिमंत करुणा’ याला ‘काइंडनेस पर्सॉनिफाइड’ म्हणतात. इथे शब्द नामानंतर येतो, आधी नाही.

पायरी ३ : वस्तूत किंवा व्यक्तीत सामावले असेल तर एम्बॉडी

एम्बॉडी म्हणजे देहात घालणे. सर्वांत जास्त उपयोगाचा हाच शब्द, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण कर्ता बदलतो. मराठीत मूर्त रूप ‘देणारा’ माणूस कर्ता असतो. एम्बॉडीचा कर्ता बहुतेक वेळा ते रूपच असते: चित्र स्वदेशीचा विचार एम्बॉडी करते, संविधान समतेचे तत्त्व एम्बॉडी करते. कलावंतालाच कर्ता ठेवायचा असेल तर ‘इन’ लागते: शिल्पकाराने दुःख दगडात एम्बॉडी केले. हे ‘इन’ विसरले की शिल्पकार स्वतःच दुःखाचा पुतळा होतो.

प्रतीक आणि मूर्त रूप यांची गल्लत इथेच टाळावी. सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींच्या ग्रंथालयातली न्यायदेवतेची नवी मूर्ती २०२४ मध्ये चर्चेत आली. डोळ्यांवर पट्टी नाही, हातात तलवारीऐवजी संविधान. ती स्त्री न्यायाला पर्सॉनिफाय करते. तिच्या हातातला तराजू मात्र निःपक्षपातीपणा सिम्बलाइझ करतो, कारण तराजू स्वतः न्याय झालेला नाही, तो न्यायाकडे बोट दाखवतो.

एपिटोमाइझ हाही शेजारचाच, पण तो ‘उत्तम नमुना असणे’ या अर्थाचा. त्याच्या नामाचा उच्चार ‘एपिटोम’ नव्हे, ‘इपिटमी’.

पायरी ४ : इन्कार्नेट जपून वापरा

या शब्दाच्या पोटात लॅटिनमधले ‘मांस’ आहे, मांसाहारी प्राण्याला कार्निव्होर म्हणतात त्यातलेच. ख्रिस्ती परंपरेत देवाने मनुष्यदेह धारण करणे म्हणजे इन्कार्नेशन. आपण अवताराला हाच शब्द वापरतो, पण ‘अवतार’ म्हणजे खाली उतरणे आणि इन्कार्नेशन म्हणजे मांसाचे होणे. दोन शब्दांच्या मुळाशी दोन वेगळ्या कल्पना आहेत, आणि ‘अवतार’ आता इंग्रजीतही रुळला आहे. तेव्हा विष्णूच्या दशावतारांबद्दल लिहिताना अवतारच ठेवावा, असे मला मनापासून वाटते. रोजच्या इंग्रजीत इन्कार्नेट बहुधा विशेषण म्हणून नामानंतर येतो, आणि बऱ्याचदा वाईटाबद्दल: ‘ईव्हिल इन्कार्नेट’. भारतमातेच्या वाक्यात तो घातला तर चित्रकाराने देवीला जन्म दिला असा सूर लागतो.

पायरी ५ : घडणे आणि दिसणे वेगळे काढा

आराखडा, आश्वासन, स्वप्न यांचे ‘मूर्त रूप’ म्हणजे ते घडणे. मटीरियलाइझ इथला. पण तो बहुधा अकर्मक असतो आणि नकारात जास्त शोभतो: कबूल केलेला निधी मटीरियलाइझ झालाच नाही. ‘सरकारने योजना मटीरियलाइझ केली’ हे कानाला खटकते. तिथे इम्प्लिमेंट किंवा साधे ‘कॅरी आउट’ घ्या. स्वप्नासाठी रिअलाइझ चालतो, पण त्याचा ‘उमगणे’ हा अर्थ जास्त प्रचलित असल्यामुळे वाक्य दुहेरी वाचले जात नाही ना, ते पाहा.

मॅनिफेस्ट म्हणजे आतले बाहेर दिसू लागणे. मनावरचा ताण निद्रानाशाच्या रूपाने मॅनिफेस्ट होतो. इथे घडवणारा कोणी नसतो. मनात ठाम धरले की इच्छा पुरी होते, या समजुतीसाठीही हल्ली तो वापरतात. केंब्रिज शब्दकोशाने २०२४ चा शब्द म्हणून मॅनिफेस्टचीच निवड केली. गंभीर लेखनात ही नवी छटा नकळत शिरू देऊ नका.

पायरी ६ : फसवे शब्द बाजूला काढा

सबस्टॅन्शिएट म्हणजे पुराव्याने सिद्ध करणे. ऑब्जेक्टिफाय म्हणजे आज मुख्यतः माणसाला वस्तूसारखे वागवणे. हे दोन्ही आपल्या कामाचे नाहीत.

रीइफाय मात्र समजून घ्यावा. लॅटिन ‘रेस’ म्हणजे वस्तू. समाजशास्त्रात हा शब्द टीकेचा आहे: माणसांनी तयार केलेली कल्पना जणू स्वतंत्र वस्तूच आहे असे मानणे. ‘बाजार आज घाबरला’ असे आपण सहज म्हणतो. खरे तर हजारो माणसांनी शेअर विकलेले असतात, आणि ‘बाजार’ नावाचे घाबरणारे कोणी नसते. एखाद्या इतिहासकाराने ‘त्या चित्राने राष्ट्राला रीइफाय केले’ असे लिहिले, तर ती स्तुती नव्हे, आक्षेप आहे. प्रबंधात तो कौतुकाने वापरलेला दिसला की मला खरोखर वाईट वाटते, कारण लिहिणाऱ्याला म्हणायचे असते नेमके उलट.

पायरी ७ : साधा शब्दप्रयोग लावून पाहा

‘गिव्ह फॉर्म टू’ किंवा ‘गिव्ह शेप टू’ ठेवून वाक्य मोठ्याने वाचा. अर्थ पूर्ण पोचत असेल तर तेच राहू द्या. मग ‘मूर्त रूप’ मुळात लागते का, तेही पाहा. आपल्या वाक्यात ‘चित्र काढले’ म्हटल्यावर रूप आलेच. म्हणून माझ्या हातून ते शेवटी असे उतरले: ‘इन १९०५ अवनींद्रनाथ टागोर पेंटेड भारतमाता, पर्सॉनिफाइंग द नेशन ॲज अ फोर-आर्म्ड वुमन इन सॅफ्रन.’