आधी काटा, मग संगणक: टॉवेलच्या पॅकिंगची पर्यावरणीय पाऊलखूण मोजण्याची तयारी

युरोपातले ग्राहक हल्ली ऑर्डरसोबत एक तक्ता पाठवतात. टॉवेल किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम), रंग पक्का आहे का, हे विचारून झालं की खाली नवा रकाना असतो: पॅकिंगची कार्बन पाऊलखूण, म्हणजे ते बनवताना आणि वाहून नेताना होणारं कार्बनचं उत्सर्जन, किती? सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत हा तक्ता ज्याच्या हातात पडतो तो पहिल्यांदा विचारतो, 'त्याचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं?' मी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग खातं सांभाळते. माझं सांगणं एवढंच, की सॉफ्टवेअरचा नंबर फार उशिरा लागतो. आधीचे पंधरा दिवस काटा, पट्टी आणि चलनांच्या फायलींना द्या. ते नीट गेले तर संगणकावरचं काम दोन-तीन दिवसांत उरकतं.

सुरुवातीला मोजायचं काय ते एका वाक्यात लिहा आणि पॅकिंग टेबलासमोर चिकटवा. 'एक पेटी' हे माप धरू नका, कारण उद्या पेटीचा आकार बदलला की जुन्या-नव्याची तुलनाच मोडते. माझं वाक्य असं आहे: 'शंभर बाथ टॉवेल सोलापुरातून न्हावा शेवा बंदरात कोरडे आणि न मळता पोचवणे.' त्यातला 'कोरडे' हा शब्द मी मुद्दाम घातला. पेटी हलकी केली की आकडा छान दिसतो, पण पावसाळ्यात ती बंदरावर दबली आणि माल भिजला तर आतलं सूत, रंगाईचं पाणी, बॉयलरची वाफ सगळंच वाया जातं. त्याच वाक्याखाली हद्दही लिहा. कागद गिरणीतून आणि प्लॅस्टिकच्या दाण्यापासून मोजणार, की पेटी आपल्या दारात आल्यापासून? पुढचा जहाजाचा प्रवास आणि वापरानंतरचा कचरा धरला नसेल, तर तसं स्पष्ट नोंदवा.

यानंतर भरलेली एक पेटी उघडा आणि जमिनीवर पांढरी चादर अंथरून आतली प्रत्येक वस्तू वेगवेगळी मांडा. आम्ही मांडली तेव्हा खरेदीच्या रजिस्टरात सहा वस्तू होत्या आणि चादरीवर अकरा निघाल्या. पाच प्लायची पेटी, आतली मोठी पिशवी, प्रत्येक टॉवेलची पॉलिबॅग, घडीत घालायचा पुठ्ठा, टॅग, टॅगची दोरी, साइजचं स्टिकर, बारकोड, ओल शोषणारी पुडी, चिकटपट्टी आणि बाहेरची प्लॅस्टिकची पट्टी. स्टिकर सोलल्यावर उरणारा गुळगुळीत कागद तर पेटीत येतच नाही, तो टेबलाखालच्या टोपलीत जातो. तोही मोजायचा, कारण तो आपल्यासाठीच बनला आहे.

वजन हा या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे घाई करू नका. पॅकिंग खात्यातला मोठा काटा पॉलिबॅगसाठी उपयोगाचा नाही. सराफाकडे असतो तसा, ग्रॅमचा अंशही दाखवणारा काटा मिळवा. टॅग, स्टिकर, दोरी शंभर-शंभर नग एकत्र तोला आणि भागा. मग तोच आकडा हिशेबाने पडताळा. समजा पिशवी ४० बाय ३० सेंटिमीटरची, २०० गेजची, म्हणजे साधारण ५० मायक्रॉनची आहे. दोन्ही बाजू धरून २,४०० चौरस सेंटिमीटर फिल्म. त्याला ०.००५ सेंटिमीटर जाडीने गुणलं की १२ घन सेंटिमीटर, आणि एलडीपीईची (पिशवीच्या मऊ प्लॅस्टिकची) घनता ०.९२ धरली की ११ ग्रॅम. आमच्या काट्यावर तीच पिशवी ९ ग्रॅम भरली. म्हणजे बिलावर २०० गेज आणि हातात जेमतेम १६० गेज. पुरवठादाराच्या बिलावरचा आकडा तसाच भरला असता तर सगळा हिशेब चुकला असता. शिवाय पैसेही जाडीचेच मोजले होते, याचं मला जास्त वाईट वाटलं.

पेटीचंही तसंच. ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरच्या पेटीला जोडाची पट्टी धरून सुमारे १.६३ चौरस मीटर पुठ्ठा लागतो. पाच प्लायमध्ये तीन सपाट कागद आणि दोन नागमोडी. नागमोडी कागद सपाटापेक्षा साधारण दीडपट लांब लागतो, हे बरेच जण विसरतात. सगळे कागद १५० जीएसएमचे असतील तर एका चौरस मीटरला जवळपास ९०० ग्रॅम, म्हणजे पेटी दीड किलोच्या आसपास. काट्यावर फार फरक दिसला तर पेटीवाल्याला विचारा. कागद हवेतली ओल धरतो, त्यामुळे एप्रिलमधली सोलापूरची पेटी आणि ऑगस्टमधली पेटी सारखी भरत नाही. वजनाशेजारी तारीख लिहा.

पेटीवाल्याकडून आणखी एक गोष्ट हवी: पेटीच्या तपकिरी क्राफ्ट कागदात रद्दी किती आणि नवा लगदा किती. हे तोंडी नको, गिरणीच्या कागदावर लिहून घ्या. रद्दीपासूनच्या कागदाचं पर्यावरणावरचं ओझं कुणाच्या नावावर टाकायचं याचे वेगवेगळे नियम आहेत. पहिल्या वापराचं ओझं पहिल्याच मालाकडे ठेवायचं, ही त्यातली बरीच रूढ पद्धत. कुठलीही निवडा, पण सगळ्या वस्तूंना एकच लावा.

वाहतूक तशी सोपी आहे. २५ किलोची पेटी सोलापुराहून बंदरापर्यंतचे सुमारे ४०० किलोमीटर गेली की १० टन-किलोमीटर होतात. फक्त पॅकिंगचा हिशेब करताना टॉवेलचं वजन वजा करा. विजेसाठी पॅकिंग खात्याला वेगळा मीटर बसवून महिनाभर वाचा, कारण महावितरणच्या एका बिलात माग, बॉयलर, पंखे सगळे मिसळलेले असतात. फताटेवाडीजवळ एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प दिसतो म्हणून त्याचाच आकडा घेऊ नका. आपण वीज ग्रिडमधून घेतो आणि भारतीय ग्रिडचं सरासरी उत्सर्जन युनिटला ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे. सौर पॅनल असतील तर ती युनिटं वेगळी लिहा.

एवढं झालं की पाऊलखूण काढायचं सॉफ्टवेअर. ओपनएलसीए मोफत उतरवता येतं, बर्लिनच्या ग्रीनडेल्टाने बनवलं आहे. सिमाप्रो विकत घ्यावं लागतं. खरा खर्च माहितीसंचाचा, म्हणजे किलोभर कागदामागे किंवा युनिटभर विजेमागे किती उत्सर्जन होतं याच्या तयार आकड्यांचा. स्वित्झर्लंडच्या इकोइन्व्हेंट या संचाला परवाना लागतो, पण त्यात भारताच्या पश्चिम ग्रिडची वीज वेगळी मिळते. मोफत संच बहुतेक युरोप-अमेरिकेचे. तिथल्या कागद गिरणीचा आकडा आपल्या गिरणीला लावला असेल तर टिपण ठेवा. एकक दोनदा तपासा. एकदा माझ्याकडून पेटीबाहेरच्या प्लॅस्टिक पट्टीचं वजन ग्रॅमऐवजी किलोच्या रकान्यात गेलं आणि सगळ्या पेटीत पट्टीच सर्वांत मोठी गुन्हेगार ठरली. दोन दिवस आम्ही पट्टी बदलायच्या चर्चेत घालवले. निकाल आला की आधी वजनांच्या यादीशी ताडा. तीन-चार ग्रॅमची वस्तू दीड किलोच्या पेटीपुढे गेली असेल तर बहुतेक वेळा बोट घसरलं आहे.

केवळ कार्बनवर थांबू नका. उजनी धरणाची पातळी किती उरली याची चर्चा जिथे घरोघरी होते, तिथे पाण्याचा रकाना रिकामा ठेवणं मला पटत नाही. कागद पाणी पितो आणि प्लॅस्टिक तेल खातं. एका रकान्यात जो जिंकतो तो दुसऱ्यात हरू शकतो.

आकडा हाती आला म्हणून लगेच पेटीवर 'पर्यावरणपूरक' छापू नका. आयएसओ १४०४४ या अशा अभ्यासांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दुसऱ्याच्या मालापेक्षा आपला सरस असं जाहीर म्हणायचं तर किमान तिघांच्या समितीकडून अभ्यास तपासून घ्यावा लागतो, आणि पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांवर केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ पासून आहेत. ग्राहकाला तक्ता द्या, सोबत हद्द आणि गृहीतकं द्या. युरोपीय संघाचा पॅकिंगचा नवा नियम १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होतो. त्यात २०३० पासून वाहतुकीच्या पेटीतली रिकामी जागाही मर्यादेत आणायची आहे, म्हणून पेटीत टॉवेल भरल्यावर वर किती बोटं जागा उरते तेही आत्ताच मोजून लिहा.

तोललेल्या प्रत्येक वस्तूचा एक-एक नमुना, पेटी चपटी करून, वर वजन आणि तारीख लिहून कपाटात ठेवा. पुढच्या वर्षी पुरवठादार म्हणेल 'तोच कागद आहे', तेव्हा नवी पेटी त्याच्याच समोर काट्यावर ठेवता येईल.