कुत्रा दारातच सुटतो: डॉग वॉकिंगच्या धंद्यात या चुका टाळा

सात वर्षांत माझ्या कामात दोन कुत्री सुटली, आणि दोन्ही वेळा कुत्रा अजून रस्त्यावर पोचलाही नव्हता. पहिला सिंबा. दोन वर्षांचा बीगल, कोथरूडच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणारा. काकूंनी पट्टा लावून दिला आणि म्हणाल्या, "आज जरा ढिला ठेवलाय हं, खाज येतेय त्याला." मी बरं म्हटलं. लिफ्टचं दार उघडलं, आतून एक आजोबा काठी टेकत बाहेर आले, काठी बघून सिंबा मागच्या मागे सरकला आणि माझ्या हातात उरली लीश, लीशच्या टोकाला रिकामा पट्टा. सिंबा जिन्यावरून खाली, मी त्याच्या मागे. वॉचमनकाकांनी वेळेत गेट ओढलं, नाहीतर समोर पौड रोड होता.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. काय बिघडलं, कुठे बिघडलं, एवढंच लिहायचं. आज ती वही चाळली की जाणवतं, रस्त्यावरचे प्रसंग त्यात थोडेच आहेत. बाकी सगळं दारातलं, लिफ्टमधलं, गेटवरचं. गिऱ्हाईक तुटतं तेही बहुतेक वेळा दारातच, आधी न बोललेल्या गोष्टीवरून. "मला कुत्र्यांची आवड आहे, सुरू करू का?" असं विचारणारी मुलं-मुली हल्ली बरीच भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मालकाने लावलेल्या पट्ट्यावर विसंबू नका. हे मी सगळ्यात आधी सांगते. घरातल्यांना तो पट्टा दागिन्यासारखा वाटतो, आपल्यासाठी ते कुलूप आहे. मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं जावीत, तिसरं जाऊ नये. बीगल, पग यांची मान जाड, पट्टा सहज डोक्यावरून निघतो. कारवान किंवा मुधोळ हाउंडचं तर डोकंच मानेपेक्षा अरुंद, त्यांना साधा पट्टा म्हणजे नसल्यासारखाच. त्यांना मार्टिंगेल लागतो, म्हणजे ओढला की थोडा आवळणारा आणि सैल सोडला की पुन्हा मोकळा होणारा. मी माझा हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा, घेऊन जाते, स्वतःच्या हाताने चढवते आणि हार्नेस आणि पट्टा दोन्ही एका छोट्या कडीने जोडते. एक निसटलं तरी दुसरं धरतं. हे सगळं घराचं दार बंद असताना करायचं. दार उघडं ठेवून, एका पायाने ते अडवून, चपला शोधत पट्टा लावणारी माणसं मी रोज बघते.

लीशचा फास मनगटाला गुंडाळू नका. पस्तीस किलोच्या लॅबने मांजर पाहिलं की मनगट जातं. फास अंगठ्यात अडकवायचा, उरलेली लीश तळहातात घडी करून मूठ आवळायची. ओढली की आपोआप लांब होणारी लीश तर मी पिशवीतही ठेवत नाही. लिफ्टमध्ये ती घातक. कुत्रा आत, आपण बाहेर, दार मिटतं आणि लिफ्ट निघते. लिफ्टमध्ये शिरताना लीश हातभरच ठेवायची आणि कुत्रा पायाशी चिकटलेला हवा. आत कुणी असेल तर सरळ म्हणायचं, "तुम्ही जा, आम्ही पुढच्या लिफ्टने येतो." त्यात दोन मिनिटं जातात, जाऊ द्यावीत. "कुत्र्याला लिफ्टमध्ये आणायचं नाही" असं कुणी दरडावलं तर वाद घालत उभं राहू नका, ते काम मालकाचं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्टची बंदी घालता येत नाही. तो कागद मालकाने कमिटीला दाखवावा. आपण शी उचलायची पिशवी सगळ्यांना दिसेल अशी हातात धरावी. माझ्या अनुभवात त्या पिशवीने कागदापेक्षा जास्त भांडणं मिटवली आहेत.

आता पहिली भेट. इथली चूक म्हणजे "चावतो का हो?" असं विचारणं. याचं उत्तर ठरलेलं: "छे, अगदी प्रेमळ आहे." खोटं बोलतात असं नाही, त्यांना खरंच तसं वाटत असतं. त्यापेक्षा विचारा: जेवत असताना भांडं उचललं तर काय करतो? नखं कोण कापतं, घरी की डॉक्टरांकडे, आणि तेव्हा तोंडाला जाळी घालावी लागते का? बेल वाजली की कुठे पळतो? याच्या आधी कोण फिरवायचं, आणि त्यांनी का सोडलं? शेवटच्या प्रश्नावर घरात जरा शांतता पसरली तर चहा पिऊन निघा, नाहीतर पहिले आठ दिवस घरातल्या माणसाला बरोबर घेऊन फिरवा.

त्याच भेटीत लसीचं पुस्तक उघडून बघायचं. रेबीजची लस कधीची, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजारावरचा अंश असलेली सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन दर वर्षी घेतली आहे का, तारीख आपल्या फोनमध्ये फोटो काढून ठेवायची. पुण्यात पाळीव कुत्र्याला महापालिकेचा परवानाही लागतो, तोही विचारा. मग दोन पानी करार. मराठीत, साध्या भाषेत: आजारी पडला तर कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं, खर्च कोण देणार, कुणाला चावला तर काय, मालक फोन उचलत नसतील तर निर्णय कोण घेणार. "आपल्या घरातल्यासारखं आहे, कशाला कागद?" असं म्हणणारं गिऱ्हाईक गोड असतं, पण चाव्याच्या दिवशी तेच घर अनोळखी होतं. आणि एक लक्षात ठेवा: भारतीय न्याय संहितेचं कलम 291 प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाचं आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यातले शब्द "ताब्यातला प्राणी" असे आहेत. लीश आपल्या हातात आहे तेव्हा ताबा कुणाचा, हे वेगळं सांगायला नको.

स्वतःची लस हा विषय निघाला की नवी मुलं हसतात. हसू नका. कुत्रा चावायच्या आधी घ्यायची रेबीजची लस असते: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. ती घेतलेली असली की पुढे चावा झाल्यावर बूस्टरचे दोनच डोस लागतात आणि जखमेत टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. लस घेतलेली असो वा नसो, चावल्यावर नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. घरच्या कुत्र्याने चावा घेतला म्हणून "त्याला लस दिलीय" एवढ्यावर थांबू नका, डॉक्टरांना ठरवू द्या.

पैशांचं गणित बहुतेकांचं इथे चुकतं: वॉक अर्ध्या तासाचा, म्हणून तासाला दोन कुत्री. होत नाही. गेटवर नोंद, लिफ्टची वाट, हार्नेस, परत आल्यावर पाय पुसणं, पाणी, "ताई, आज त्याने नाश्ता केला नाही बघा" हे ऐकणं, मग पुढच्या सोसायटीपर्यंत गाडी. एका वॉकला पाऊण तास धरा. सकाळी साडेपाच ते सव्वानऊ, एवढाच कामाचा वेळ, कारण त्यानंतर ऊन आणि मालकांचं ऑफिस. म्हणजे पाच कुत्री. संध्याकाळी पुन्हा पाच. रविवार सोडून महिन्याचे 26 दिवस, एकूण 260 वॉक. समजा वॉकचे शंभर रुपये घेतलेत, तर 26 हजार, आणि त्यातून पेट्रोल, पिशव्या, ट्रीट, रेनकोट, आजारपणाचे दिवस. हा आकडा आधी वहीत मांडा, मग दर सांगा. शेजारच्या सोसायटीतला मुलगा सत्तर रुपयांत फिरवतो हे ऐकून तुम्ही साठ सांगितलेत की भरपाई करायला एका वेळी चार कुत्री न्यावी लागतात, आणि मग चारांच्या लीशची वेणी होते. मी दोनाच्या वर नेत नाही, तीही एकाच घरातली किंवा जुनी दोस्त असलेली. पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ. मालक गावाला गेले तर किती दिवसांचे कापायचे हेही आधीच ठरवा. मोजकीच माणसं कामाला असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली फक्त माहिती कळवायची असते, आणि छोट्या उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन, फुकट होते. ती करून देण्याचे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा.

मालकांनी दिलेल्या घराच्या किल्ल्यांवर फ्लॅटचा नंबर लिहू नका. माझ्याकडे कुत्र्याच्या नावाचीही चिठ्ठी नसते, नुसता रंगीत दोरा. कोणता रंग कुणाचा ते घरच्या वहीत. सिंबाचा गोड फोटो सोसायटीच्या नावासकट रोज स्टेटसला टाकला की रोज सव्वासहाला त्या घरात कुणी नसतं हेही आपण गावाला सांगत असतो.

एवढं सगळं निभावून गेटबाहेर पडलात की भटकी कुत्री. त्यांच्याशी दोस्ती करायची नसते, ओळख ठेवायची असते. कुठल्या कोपऱ्यावर कुणाची टोळी, त्यांना खायला घालणाऱ्या काकू किती वाजता येतात, हे ठाऊक हवं. अन्नासमोरून आपला कुत्रा नेलात तर भांडण आपण ओढवून घेतलं. समोर आलीच तर पळू नका, लीश ताणू नका, कडेकडेने चालत राहा. ताणलेली लीश आपल्या कुत्र्याला सांगते की काहीतरी गडबड आहे. मादी माजावर असेल तर त्या तीन आठवड्यांत बाहेरचा वॉक बंद ठेवते मी, गच्चीवर किंवा पार्किंगमध्येच. मालक कधी कधी सांगायला लाजतात, म्हणून पहिल्या भेटीतच नसबंदी झाली आहे का ते विचारून घ्यावं.

चालता चालता कुत्रा मध्येच बसला तर हट्टी ठरवून ओढू नका. आधी पंजे बघा: काटा, गोचीड, भाजलेलं कातडं. एप्रिल-मेमध्ये डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघायची, टेकवत नसेल तर वॉक नाही. पग, शिट्झू, बुलडॉग यांना तर सकाळी आठनंतरही नको. धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले तर अंगावर नळाचं साधं पाणी ओतत राहा, वारा घाला आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. पावसाळ्यात डबकी टाळा, लेप्टो उंदरांच्या मुतातून तिथे येतो आणि माणसालाही होतो. आपण स्वतः उघड्या चपलेत फिरू नये. परत आल्यावर बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या आत गोचीड शोधायचे. पुसायचा टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.

बदली माणूस ऐन वेळी पाठवायचा नाही, हेही मी फटका खाऊनच शिकले. मला डेंग्यू झाला तेव्हा भाच्याला पाठवलं. दार उघडलं, कुत्रीने अनोळखी माणूस पाहिला आणि त्याच्या दोन पायांमधून निसटली. हीच ती दुसरी. तीन तासांनी मागच्या सोसायटीच्या जनरेटरखाली सापडली. आता भाचा महिन्यातून दोनदा माझ्याबरोबर येतो, तोही हार्नेस चढवतो, त्याच्या खिशातही तिच्या आवडीचं उकडलेलं चिकन असतं.

आणि दिवाळी. वसुबारसेला मी सगळ्या घरांना एकच मेसेज पाठवते: "नरक चतुर्दशीला पहाटेचा वॉक नाही, अभ्यंगस्नानाआधीच फटाके सुरू होतात. अकरा वाजता येईन. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळचा वॉक दुपारी साडेतीनला. पट्ट्यावरच्या टॅगवर फोन नंबर वाचता येतोय का, ते आजच बघा. फराळाला पाहुणे येतील, दार उघडं राहील, तेव्हा त्याला आतल्या खोलीत ठेवा आणि कडी लावा." गेल्या वर्षी सिंबाच्या काकूंचं उत्तर आलं, "कडी लावली आहे. पट्टाही घट्ट केलाय. चिवडा न्यायला ये."