सोलर चढवण्याआधी

दरपत्रकं मागवायच्या आधी भर उन्हात गच्चीवर जा आणि पायाखाली बघा. पॅनेल 25 वर्षं चालतात. तुमचं वॉटरप्रूफिंग त्यातली किती काढणार? उत्तर येत नसेल तर सोलर तूर्तास बाजूला ठेवा. सांगाडा एकदा उभा राहिला की खालची भेग बुजवायला कुणी आत शिरत नाही. पॅनेल उतरवा, तारा सोडवा, सांगाडा हलवा, गच्ची करा, परत सगळं चढवा. या मजुरीचा खर्च पॅनेलच्या वॉरंटीत बसत नाही. घासाघीस करून वाचवलेले पैसे तिथेच जातात.

तपासायला हातोडी पुरते. हलके ठोके देत फिरा. टणक आवाज आला की पुढे, बद्द आवाज आला की खडूने गोल करा, तिथला थर सुटलाय. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तो कोपरा आणि पाइपांभोवतीची जागा नखाने खरवडून बघा. भुगा हातात आला तर तिथलं वॉटरप्रूफिंग संपलंय, ओळखा. मग पाणी जायचं भोक बोळा कोंबून बंद करा, पेरभर पाणी तुंबवून 24 तास ठेवा आणि खालच्या खोल्यांतून छत बघत राहा. (स्लॅब जुना असेल, सळ्या दिसत असतील, तर हा प्रयोग नको, आधी इंजिनिअर.) ओल दिसली तर आधी दुरुस्ती, मग सोलर. "पॅनेलची सावली पडली की गच्ची आपोआप वाचते" असं सांगणारे भेटतील. ऊन कमी लागतं हे खरं, पण भेगेतून पाणी तसंच उतरतं.

सांगाड्याचे पाय स्लॅबमध्ये भोकं पाडून बसवणार की काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, हे लेखी घ्या. भोकं पाडणार असतील तर प्रत्येक भोक कोण, कशाने बंद करणार, तेही लेखी. पॅनेलचं वजन चौरस मीटरला 10 ते 15 किलो, म्हणजे फार नाही. वारा खालून शिरून उचलतो ती खरी भीती. म्हणून ठोकळे हलके करून पैसे वाचवू नका. पाणी वाहायची वाट ठोकळ्याने अडत नाही ना, तेही बघा. अडली की डबकं, डबक्याखाली ओल, म्हणजे परत गच्चीच.

सावलीचं सगळेच सांगतात, पण बघतात उन्हाळ्यात. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि टाकीची सावली लांबच लांब पसरते. पॅनेलमध्ये साधारण तीन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे) असतात, त्यामुळे कोपऱ्यावरच्या छोट्या सावलीनेही तिसरा हिस्सा बंद पडू शकतो.

आता पॅनेल. भाव नगावर नको, वॉटवर काढा: एकूण किंमत भागिले वॉट. छापलेले वॉट प्रयोगशाळेतले, पेशीचं (पॅनेलमधल्या सोलर सेलचं) तापमान 25 अंश धरून. तुमच्या गच्चीवर पेशी सहज 50–60 अंशांवर जाते आणि दर अंशामागे सुमारे 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. माहितीपत्रकात हा तापमानाचा आकडा शोधा; गरम हवेच्या ठिकाणी तो कार्यक्षमतेच्या जाहिरातीपेक्षा कामाचा. जागा भरपूर असेल तर 22 टक्के कार्यक्षमतेच्या महाग पॅनेलचा हट्ट कशाला? जागा तोकडी असेल तर गोष्ट वेगळी. दोन्ही बाजूंनी वीज देणारं बायफेशियल पॅनेल तेव्हाच घ्या, जेव्हा ते उंचावर बसेल आणि खाली पांढरा लेप असेल. वॉटरप्रूफिंग करणारच आहात (करणार आहात ना?) तर वरचा थर पांढराच घ्या.

वॉरंट्या दोन असतात. 25 वर्षांची असते ती वीजनिर्मितीची. पॅनेल उसवलं, आत पाणी शिरलं, तर उपयोगी पडते ती पॅनेल या वस्तूची (प्रॉडक्ट वॉरंटी), आणि ती बहुधा कमी वर्षांची. विक्रेते पहिलीच मोठ्याने सांगतात. टिकाऊपणाची आणि सुरक्षिततेची आयईसी 61215 आणि 61730 ही प्रमाणपत्रं त्याच मॉडेलची आहेत का, तपासा. जुनं पॅनेल स्वस्तात मिळत असेल तर मागचं पांढरं प्लॅस्टिकचं आवरण बघा: पिवळं पडलंय, चिरलंय, जळाल्याचा डाग आहे, तर फुकटही नको.

इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा) पॅनेलच्या आधी दमतो, बदलायचे पैसे आत्ताच हिशेबात धरा. बॅटरी नसलेला साधा ग्रिडजोडणीचा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद होतो, भर दुपारीही. तारांवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. हे ऐकून घरात चिडचिड होते, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

दिशा, कोन, अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून उपकरणं वाचवणारा) यांचं बसवणाऱ्याला विचारा. तारा जोडणाऱ्या कनेक्टरच्या दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या हव्यात, नाहीतर तापतात. धुवायला नळ आणि चालायला वाट. पॅनेलवर पाय द्यायचा नाही, कुणीच. वॉटरप्रूफिंगवाल्याला पॅनेल यायच्या आधी बोलवा, नंतर नाही. सीरियल नंबराचं लेबल मागच्या बाजूला असतं. चढवण्याआधी फोटो काढा, नंतर आडवं पडून, मोबाइल आत घालून अंदाजाने काढावे लागतात आणि निम्मे धूसर येतात.