धमनीतला प्लाक मोजायला बसण्यापूर्वी

ऐरोलीतल्या एका इमेजिंग केंद्रात हृदयाच्या सीटी अँजिओग्राफीचे, म्हणजे रक्तात आयोडीनचे द्रव्य सोडून काढलेल्या धमन्यांच्या चित्रांचे, वाचन करण्यासाठी मी रुजू झालो, तेव्हा ठाणे-वाशी लोकलमध्ये बसल्यावर माझी समजूत अगदी सरळ होती: रुग्णाला स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध सुरू करायचे, दीड-दोन वर्षांनी पुन्हा स्कॅन काढायचा आणि धमनीच्या भिंतीत साचलेला मेद-कॅल्शियमचा थर, म्हणजे प्लाक, ओसरलेला पाहायचा. प्रत्यक्षात नुसत्या डोळ्यांना दोन्ही स्कॅन सारखेच दिसतात. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्टेरॉइड या अभ्यासात रोज 40 मिलिग्रॅम रोझुवास्टॅटिन 24 महिने दिल्यावर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे 130 वरून 61 वर आले, तरी धमनीच्या आकारमानातला प्लाकचा वाटा सरासरी 0.98 टक्क्यानेच घटला. 2016 च्या ग्लागोव्ह अभ्यासात स्टॅटिनच्या जोडीला इव्होलोकुमॅब या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देऊनही घट 0.95 टक्का एवढीच होती. ही मोजमापे धमनीत कॅथेटर घालून केलेल्या अल्ट्रासाउंडची, म्हणजे आयव्हसची आहेत. सीटीत कॅथेटर लागत नाही, पण चित्र तितके बारीक नसते. एवढा लहान फरक पकडायचा असेल तर आपली स्वतःची चूक त्याहून लहान ठेवावी लागते, आणि या कामातले निम्मे कष्ट त्यातच जातात.

माझी पहिली मोठी चूक सांगतो. एका रुग्णाच्या दुसऱ्या स्कॅनमध्ये 30 हाउन्सफील्ड एककांखालचा (सीटीत घनता या एककांत मोजतात), म्हणजे मेदयुक्त आणि धोक्याचा मानला जाणारा भाग बराच कमी निघाला आणि मी उत्साहाने तसे नोंदवले. वरिष्ठ मॅडमनी तपशील उघडून एवढेच विचारले, ‘‘केव्ही पाहिलंस का?’’ पहिला स्कॅन 120 केव्हीवर, म्हणजे एक्स-रे नळीला 120 किलोव्होल्ट दाब देऊन, तर दुसरा 100 वर काढलेला होता. केव्ही उतरवले की आयोडीन अधिक उजळते, धमनीच्या उजळलेल्या पोकळीची झळ शेजारच्या प्लाकलाही लागते आणि त्याचे आकडे चढतात. मी औषधाचा म्हणून लिहिलेला गुण निदान काही अंशी यंत्राचा होता. तेव्हापासून प्लाकच्या कडेची रेषा आखण्याआधी मी केव्ही, स्लाइसची जाडी आणि रिकन्स्ट्रक्शनचा कर्नेल, म्हणजे चित्र घडवताना वापरलेली गणिती गाळणी, ताडून पाहतो. जिभेखालची नायट्रोग्लिसरीन दोन्ही वेळी दिली होती का, हेही विचारतो, कारण तिने धमनी रुंदावते. नाडी साठच्या वर असेल तर प्रतिमा हलते आणि हललेल्या कडेवर रेषा आखणे म्हणजे अंदाज बांधणे होय.

स्कॅनच्या वाचकाला कोणता स्कॅन आधीचा आणि कोणता नंतरचा हे कळू न देण्याची पद्धत नवख्यांना जाचक वाटते. मलाही वाटली होती. पण ‘नंतरचा’ हे माहीत असले की हात नकळत आत सरकतो आणि प्लाक बारीक आखला जातो, हे स्वतःच्याच आखणीत पाहिल्यावर तक्रार संपली.

दुसरा गोंधळ कॅल्शियमचा. नौपाड्यातले एक काका तीन वर्षे नेमाने स्टॅटिन घेऊनही कॅल्शियम स्कोअर वाढला म्हणून गोळी बंद करायला निघाले होते. स्टॅटिनने मऊ, मेदयुक्त प्लाक कमी होत असताना कॅल्शियमचा भाग वाढून घट्ट होऊ शकतो आणि ॲगॅटस्टन स्कोअर, म्हणजे हाच कॅल्शियम स्कोअर, 130 हाउन्सफील्ड एककांवरचा भाग त्याच्या घनतेनुसार गुण देऊन मोजत असल्याने घट्ट होण्यालाच जास्त गुण देतो. हे त्यांना समजावले, पण गोळीचा निर्णय त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांवर सोपवला. वाचकाने तिथे बोलू नये. अभ्यासाच्या अहवालात मात्र एकूण प्लाक, मऊ प्लाक आणि कॅल्शियम हे वेगवेगळेच लिहावेत, कारण एका आकड्यात कोंबले की गुण आणि अवगुण एकमेकांना खाऊन टाकतात.

सुरुवात करणाऱ्याने जुने वीस स्कॅन घ्यावेत, आखावेत, दोन आठवडे बाजूला ठेवून, आधीचे आकडे न पाहता, पुन्हा आखावेत आणि दोन्हींतला फरक मांडावा. माझा फरक पहिल्या खेपेला ॲस्टेरॉइडमधल्या घटीपेक्षा मोठा निघाला होता.